क्लोरीनच्या गोळ्या, 11 महिन्यांनंतर : शेवाळ परत परत का येतं, हे डब्यावर लिहिलेलं नाही

पोहण्याचा पूल 40,000 लिटरचा, टाइल्सचा, उघड्यावरचा, पुण्यात बावधनला. सँड फिल्टर आहे, पंप रोज 8 तास चालतो. ऑक्टोबर ते एप्रिल टीसीसीए 90 च्या 200 ग्रॅमच्या गोळ्या वापरल्या, तरंगत्या डबीतून, आठवड्याला 3. मे ते ऑगस्ट लिक्विड क्लोरीन, म्हणजे हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण). हा अनुभव मुख्यतः गोळ्यांचा आहे.

फेब्रुवारीत लिहायला बसलो असतो तर पाचपैकी साडेचार तारे दिले असते. डबीत गोळ्या टाकल्या की आठवडाभर बघायला लागत नाही, जड कॅन उचलायला नकोत, पाणी काचेसारखं. मार्चमध्ये ऊन तापायला लागलं आणि दर दहा-बारा दिवसांनी दक्षिणेकडच्या, सावलीतल्या भिंतीवर पिवळट-हिरवी भुकटी धरायला लागली. ब्रश फिरवला की ती धुरळ्यासारखी उडते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच बसलेली असते. टेस्ट किटमध्ये क्लोरीन 2 ते 3 पीपीएम (लिटरमागे तितके मिलिग्रॅम), पीएच 7.4. म्हणजे सगळं जागेवर. गोळ्या पुरवणाऱ्याकडच्या माणसाचं उत्तर दर वेळी एकच : शॉक मारा (एकदम भरपूर क्लोरीन टाका), लिटरभर अल्गीसाइड म्हणजे शेवाळनाशक टाका. दोन्ही करून झालं, चार वेळा. पंधरवड्याच्या आत शेवाळ परत हजर.

दोष आहे सायन्युरिक ॲसिडचा. टीसीसीए म्हणजे क्लोरीन आणि सायन्युरिक ॲसिड एकत्र बांधलेलं रसायन. क्लोरीन वापरलं जातं, उन्हात उडतं. सायन्युरिक ॲसिड मात्र पाण्यातच राहतं, साठत जातं. थोडं असेल तर ते हवंच, कारण ते उन्हापासून क्लोरीनला सांभाळतं. 30 ते 50 पीपीएम पुरे. जास्त झालं की तेच क्लोरीनला इतकं घट्ट धरून ठेवतं की किटमध्ये आकडा दिसतो, पण शेवाळ मारण्यापुरतं मोकळं क्लोरीन उरत नाही.

200 ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे 110 ग्रॅम सायन्युरिक ॲसिड सुटतं. 40,000 लिटरमध्ये ते पावणेतीन पीपीएम होतं. पाच किलोच्या डब्यात 25 गोळ्या, म्हणजे एक डबा संपला की जवळजवळ 69 पीपीएम. एका डब्यातच मर्यादा ओलांडली जाते! डब्यावर ‘90 टक्के उपलब्ध क्लोरीन’ बोटभर अक्षरांत छापलंय. सायन्युरिक ॲसिडचा उल्लेख बाजूच्या बारीक मजकुरातसुद्धा नाही. माझा राग गोळीवर नाही, या डब्यावर आहे. सिमेंटच्या गोणीवर ग्रेड असते, खताच्या गोणीवर एनपीके असतं. इथे निम्म्याहून जास्त वजन ज्या पदार्थाचं पाण्यात उरणार, त्याचं नावच नाही.

ते मोजायची चाचणी सोपी आहे आणि ती किटमध्ये नसेल तर किट अपुरं आहे. पुलाचं पाणी आणि मेलामाइनचं द्रावण समप्रमाणात मिसळून अर्धा मिनिट हलवायचं; ताकाच्या निवळीसारखं पांढुरकं होतं. मग तळाला काळा ठिपका असलेल्या नळीत ते हळूहळू ओतायचं, वरून सरळ खाली बघत. ठिपका दिसेनासा झाला की तिथला आकडा वाचायचा. उजेडात, पण नळी स्वतःच्या सावलीत धरून. एप्रिलच्या मध्यावर दोन बोटं पाणी गेलं नाही तोच ठिपका गायब. नळीवर आकडे 100 पर्यंतच असतात, म्हणून अर्धं पुलाचं आणि अर्धं नळाचं पाणी घेऊन परत मोजायचं आणि आकडा दुप्पट करायचा. 90 आले, म्हणजे 180. हिशेबाने 84 गोळ्यांचे 231 व्हायला हवे होते. बाकीचं बॅकवॉश (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुणं) आणि उडालेल्या पाण्याबरोबर गेलं.

रोजचं क्लोरीन सायन्युरिकच्या किमान साडेसात टक्के हवं. 180 ला ते साडेतेरा पीपीएम होतं; इथे 2-3 वर कारभार चालला होता. आणि लागलेलं शेवाळ मारायला 40 टक्के लागतात, म्हणजे 72 पीपीएम. 40,000 लिटरला 10 टक्क्यांचा हायपो एका वेळी जवळजवळ 29 लिटर, तोही रोज भर घालत. परवडणारं नाही. सायन्युरिक खाली आणणारी भरवशाची पूड नाही, पाणीच बदलावं लागतं.

इथे काटकसरीचा मुद्दा. 180 वरून 40 वर यायला 31,000 लिटर पाणी काढून तेवढंच भरायचं. एकदाच काढलं तर 31,000. ‘निम्मं-निम्मं दोनदा बदला’ असा सल्ला मिळतो. त्यात 40,000 लिटर जातं आणि आकडा तरी 45 वरच राहतो. म्हणून एकदाच. मात्र पूर्ण रिकामा करायचा नाही, चतुर्थांश पाणी ठेवायचं, आणि हे काम पावसाळ्याआधी उरकायचं. जमिनीत पाणी चढलेलं असताना रिकामा पूल खालच्या दाबाने उचलला जाऊ शकतो. 10,000 लिटरचे तीन टँकर लागले, ऐन मे महिन्यात, पुण्यात टँकरची रांग असताना. टँकरचं पाणी बहुतेकदा बोअरचं आणि जड असतं. भरल्यावर हार्डनेस तपासा, आणि जड असेल तर ब्लीचिंग पावडर अजिबात नको, ती आणखी चुना टाकते.

पाणी बदललं म्हणून शेवाळ मरत नाही, हे लक्षात ठेवा. पीएच आधी 7.2 वर आणायचा, कारण क्लोरीन 10 च्या वर गेलं की पीएचची चाचणी खोटं दाखवते. मग सायन्युरिक 40, त्याच्या 40 टक्के क्लोरीन म्हणजे 16 पीपीएम : शून्यावरून साडेसहा लिटर ताजा हायपो, संध्याकाळी, पंप चालू ठेवून, पाणी परत येणाऱ्या नोझलसमोर बारीक धारेने. दिवसातून दोन-तीनदा मोजून परत 16 वर. इथे थेंब मोजून क्लोरीन काढायचं एफएएस-डीपीडी किट हवं : 10 मिलीला एक थेंब म्हणजे 0.5 पीपीएम. रंग जुळवून बघायच्या साध्या डीपीडी किटचा गुलाबी रंग जास्त क्लोरीनमध्ये विरून पांढरा पडतो आणि क्लोरीन शून्य आहे असं वाटतं.

रोज ब्रश. टाइलला नायलॉनचाच, स्टीलचा फक्त सिमेंटच्या सांध्यात काळे ठिपके असतील तर. सगळ्यात जास्त दुर्लक्षित जागा म्हणजे पाण्याखालच्या दिव्याची खोबण. चार स्क्रू काढून दिवा बाहेर ओढला तर मागे बोटाला बुळबुळीत लागेल असा हिरवा थर होता. शिडीच्या पोकळ पायांत आणि स्किमरच्या (पृष्ठभागावरचं पाणी आणि कचरा ओढून घेणारं भिंतीतलं तोंड) झडपेच्या मागच्या बाजूलाही तेच. बी तिथे शिल्लक राहिलं तर बाहेरची सगळी मेहनत वाया. फिल्टरचा दाब स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा पाव पट वाढला की बॅकवॉश, मग अर्धा मिनिट रिन्स, नाहीतर घाण परत पुलात येते. रात्रीतून क्लोरीन 1 पीपीएमपेक्षा कमी उतरलं, बांधलेलं क्लोरीन (घाम-घाणीशी जोडलं गेलेलं, सायन्युरिकने धरलेलं नव्हे) 0.5 च्या आत आलं आणि तळ लख्ख दिसला, तरच थांबायचं. सहा दिवस लागले.

मोरचूद टाकून काम स्वस्तात होतं असं खूप जण सांगतात. त्यातलं तांबं पाण्यात साठतं, पीएच चढला की टाइलच्या सांध्यांत निळसर-काळे डाग बसतात आणि फिकट केसांना हिरवी झाक येते. सायन्युरिकचाच तो धाकटा भाऊ, पाणी बदलल्याशिवाय जात नाही.

मेपासून रोज संध्याकाळी सव्वा लिटरच्या आसपास हायपो, क्लोरीन 5 च्या जवळ. 35 लिटरचा कॅन महिनाभर जातो. त्रास आहे : रोज मोजावं लागतं, कपड्यावर शिंतोडा उडला की डाग, आणि उन्हाळ्यात कॅन महिन्याभरात चांगलाच उतरतो, म्हणून ताजा आणि एकेकच घ्यायचा, सावलीत ठेवायचा. पण चार महिन्यांत शेवाळ एकदाही नाही. जून-जुलैच्या पावसाने पूल ओसंडून सायन्युरिक 40 वरून 30 वर आलं. वाढवायचं झालं तर 10 पीपीएमला 400 ग्रॅम स्टॅबिलायझर (नुसतं सायन्युरिक ॲसिड), मोज्यात भरून नोझलसमोर टांगायचं. गोळ्यांच्या काळात आम्लामुळे अल्कलिनिटीही (पीएच स्थिर ठेवायची पाण्याची ताकद) पडली होती. ती 10 ने वाढवायला सुमारे 670 ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो.

गोळ्यांबद्दलचं मत आता असं : फेकू नका. आठवडाभर घराला कुलूप असेल तेव्हा त्यांना तोड नाही, डबीत तीन टाकून जा, सायन्युरिक आठानेच वाढेल. स्किमरमध्ये मात्र कधीच टाकू नका. पंप बंद असताना तिथे साचलेलं आम्ल पाणी पाइप आणि पंप खातं. आणि गोळ्यांचा डबा हायपोच्या कॅनशेजारी ठेवू नका, ब्लीचिंग पावडरचं माप गोळ्यांच्या डबीत बुडवू नका; गोळ्या यांपैकी कशातही मिसळल्या की विषारी वायू सुटतो, आग लागू शकते. आमच्याकडे गोळ्या आता जिन्याखाली आहेत आणि हायपो गेटजवळच्या शेडमध्ये, दोघांची मापं वेगळी.