चिखलदऱ्याजवळ गवळी कुटुंबाच्या घरी दोन रात्री (माणशी दोन बादल्या पाणी!)

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, आई अन् नऊ वर्षांची पोरगी, चिखलदऱ्याच्या अलीकडं एका गवळी कुटुंबाकडं दोन रात्री राहून आलो. फोटो टाकले तेव्हापासून सगळे विचारतायत कुठं कुठं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. जागेचं नाव टाकत नाहीये, त्या घरच्या काकांनीच तसं सांगितलं. "नाव नोका टाकू बाप्पा, दोनच खोल्या हायेत, गर्दी झाली त पानी कुठून आनू?" त्यांचं म्हणणं मला पटलं, आणि हा सगळा रिव्ह्यू खरं तर त्या पाण्याबद्दलच आहे.

आधी हे सांगतो की 'इको' या शब्दाचीच मला चीड बसली होती. दोन वर्षांपूर्वी एप्रिलात याच डोंगरात एका रिसॉर्टला थांबलो होतो, पाटीवर मोठं 'इको' लिहिलेलं. आत लॉनवर दिवसभर स्प्रिंकलर चालू, खोलीत बाथटब, जेवताना प्रत्येकापुढं प्लास्टिकची बाटली, आणि गेटबाहेर दोनशे पावलांवर बाया गुंड (पाण्याचे हंडे) घेऊन टँकरची वाट पाहत बसलेल्या. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. म्हणून या वेळी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला की पाणी कुठून येतं. काका म्हणाले, "घरच्या विहिरीचं, अन् मोजून भेटीन." तिथंच ठरवलं.

अकोल्याहून अकोट, अंजनगाव, परतवाडा असा रस्ता. पेट्रोल परतवाड्यालाच भरून घ्या, वर गेल्यावर त्याचं टेन्शन नको. घटांगवरूनही वर जाता येतं, पण आम्ही धामणगाव गढीचा घाट घेतला, वळणं जास्त पण दरी दिसते. मुख्य रस्ता सोडल्यावर शेवटचा एक किलोमीटर मात्र निव्वळ दगडं, आमच्या गाडीचा तळ दोनदा घासला, छोटी गाडी असेल तर काकांना आधी सांगा, ते मोटरसायकल घेऊन फाट्यावर येतात अन् पुढं राहून बरोबर चाकोरी दाखवतात.

घर जुनंच. कुडाच्या भिंती, वर कवेलू (म्हणजे कौलं), शेणामातीचं सारवण, पुढं लांब ओटा. पाहुण्यांच्या दोन खोल्या बाजूला मागाहून बांधल्यात, त्याही त्याच पद्धतीनं, फक्त खाली शहाबादी फरशी टाकली. आत दोन बाज, एक कॉट, गोधड्या, सोलरचा एक बल्ब, मोबाईल चार्ज करायला एक पॉइंट. टीव्ही नाही, एसी नाही. थंडीत एसी कोण लावतो म्हणा, पण काकू सांगत होत्या मार्चातसुद्धा त्या खोल्या गार राहतात.

आता पाणी. पोचल्या पोचल्या आजींनी (काकांच्या आई, वय पंच्याहत्तरच्या पुढं असेल) पोरीला हाताला धरून न्हाणीत नेलं. तिथं दोन बादल्या, एक पितळी तांब्या, कोपऱ्यात तांब्याचा बंब. आजी म्हणाल्या, "दिवसाच्या या दोन बादल्या तुह्या. एक आंगाले, एक बाकीच्याले. आंग धुतलेलं पानी फेकाचं नाई, थे पाय केळीले जाते." मग तिला बाहेर नेऊन दाखवलं, न्हाणीची मोरी उताराच्या एका नालीत उघडते, नालीत वाळू अन् कोळसा, पुढं कर्दळीची रांग अन् त्याच्या खाली केळी. साबण त्यांच्याकडचाच वापरायचा, शाम्पू चालत नाही, रिठा अन् शिकेकाई ठेवलेली असते. भांडी राखेनं घासतात, ते पाणी वांग्याच्या वाफ्यात. पहिल्या दिवशी बायकोला हे फार अवघड गेलं, केस धुवायचे होते, दोन बादल्यांत कसे व्हायचे. काकूंनी स्वतःच्या वाट्याची एक बादली आणून दिली. स्वतःच्या वाट्याची, म्हणजे घरचेसुद्धा मोजूनच वापरतात! दुसऱ्या दिवशी बायकोनं दोनातली अर्धी बादली शिल्लक ठेवली अन् काकूंना नेऊन दिली.

एवढ्या पावसाच्या जागी पाण्याची टंचाई कशी, हा प्रश्न मलाही पडला होता. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास, पावसाळ्यात आठ-आठ दिवस धुकं हटत नाही. काकांनी विहिरीजवळ नेऊन दाखवलं, वर दोन हात माती अन् खाली सगळा काळा कातळ. पाणी मुरतच नाही, पडलं की उतारानं वाहून जातं. खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार, सगळ्या नद्या शेवटी तापीला. (सिपना म्हणजे कोरकू भाषेत सागवान, हे शेजारच्या कोरकू बाईंनी सांगितलं, त्या काकूंकडं कुटकी, म्हणजे एक बारीक भरडधान्य, घेऊन आल्या होत्या.) मार्च सरता सरता विहिरीचा तळ दिसायला लागतो, मग काका पाहुणे घेणं बंद करतात. थेट पाऊस बसल्यावर सुरू. तीन महिने कमाई बंद ठेवतात अन् हे कुठं लिहून लावलेलं नाही, विचारलं तेव्हा सांगितलं. त्यांनी उतारावर दगडी बांध घातलेत, कवेलूवरून पडणारं पाणी पन्हाळ्यानं टाक्यात घेतलंय, त्यातलं पाणी म्हशींना पुरतं.

म्हशी अकरा. पहाटे चारला घंटा वाजायला लागतात, झोप मोडते, हे आधीच सांगून ठेवतो. गोठ्याचा वासही येतो. पण सहाला ओट्यावर जो चहा मिळतो तो पाणी न घातलेल्या दुधाचा. खवा घरीच आटवतात, कढईपाशी काका तासभर नुसतं हलवत बसतात, हात थांबला की खाली लागतो म्हणून बोलतसुद्धा नाहीत फारसं.

जेवणाबद्दल किती लिहू! तुरीचा हंगाम होता, म्हणून सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे. पहिल्या रात्री सोले-वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, वर लोण्याचा गोळा. दुसऱ्या दिवशी दुपारी कुटकीचा भात अन् ताकाची कढी. कुटकी मी पहिल्यांदा खाल्ली, दाणा मोहरीपेक्षा थोडा मोठा, भात मोकळा अन् किंचित मातकट गोड. रात्री गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले, राख झटकून फोडून त्यात तूप ओतलं अन् वरून वरण. आईनं तीन खाल्ले. आई गेल्या सहा महिन्यांत घरी एक पोळी कशीबशी खाते. शहरासारखा मेन्यू नसतो, घरात जे शिजतं तेच आपल्या ताटात. पनीर, चायनीज मागू नका, आमच्या आधी कोणी मागितलं होतं म्हणे, काकूंना त्याचं वाईट वाटलं होतं.

आणि कॉफी. चिखलदऱ्याला कॉफी होते हे बऱ्याच वऱ्हाडातल्या लोकांनाही माहीत नसतं. यांच्या घरामागं सावलीत पंधरा-वीस झाडं, फळं तेव्हा लाल झालेली. पोरीनं टोपलीभर तोडली. ती वाळवायची, दाणा आत खुळखुळ वाजला की उखळात कांडायची, पाखडायची, म्हणून आम्हाला मागच्या वर्षीच्या बिया भाजून दिल्या. त्यांच्या घरातल्या वहिनींनी लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजल्या, आधी गवतासारखा वास, मग भाकरी करपल्यासारखा, मग एकदम बी तडतडलं अन् सगळं घर त्या वासानं भरलं. लगेच तवा उतरवून सुपात पसरवल्या, खलबत्त्यात कुटल्या. गूळ घालून, म्हशीचं दूध. मी कॉफी पिणारा माणूस नाही, तीन कप प्यालो.

फिरायला गाविलगडला गेलो, काका स्वतः आले. गवळ्यांचा गड म्हणून गाविलगड, हे सांगताना त्यांचा आवाज बदलतो. दरवाज्यावरचं गंडभेरुंड (दोन डोक्यांच्या पक्ष्याचं शिल्प) त्यांनी पोरीला खांद्यावर घेऊन दाखवलं. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी वेलस्लीच्या हाताखाली हा किल्ला घेतला. तटबंदीपेक्षा मला गडावरचे तलाव जास्त आठवतात, जानेवारीतही पाणी होतं, अन् काका प्रत्येक तलावापाशी थांबून खोली किती असेल ते बघत होते. वाघ दिसेल का म्हणून काकांच्या मागं लागू नका, त्याच्यासाठी वनखात्याची सफारी वेगळी असते.

आता अडचणी, कारण म्हातारी माणसं किंवा लहान लेकरू घेऊन जाणाऱ्यानं हे वाचलंच पाहिजे. संडास खोलीपासून वीस-पंचवीस पावलं लांब, स्वच्छ आहे पण तीन पायऱ्या उंच अन् कठडा नाही. आईचे गुडघे दुखतात, प्रत्येक वेळी कोणीतरी सोबत जावं लागलं. मी काकांना म्हटलं एक बांबूचा कठडा तरी लावा, दुसऱ्या दिवशी दुपारी लावलेला होता. रात्री एकट्यानं बाहेर पडायचं नाही, बिबट फिरतो, उठायचं असेल तर आवाज द्या असं ते झोपताना दोनदा सांगतात, ते मनावर घ्या. खिडकीच्या फटीतून पहाटे वारा आत येतो, स्वेटर घालून झोपलो तरी पोरगी कुडकुडत होती, काकूंनी जास्तीची गोधडी दिली पण ती मागावी लागली. नेटवर्क नाही, मागच्या टेकाडावर एका दगडाजवळ दोन काड्या येतात. त्यामुळं पैसे रोखच न्या.

माणशी दिवसाचे १२०० रुपये, चहा, नाष्टा, दोन वेळचं जेवण धरून, पोरीचे अर्धे. दोन रात्रींचे आमचे ८४०० झाले. एवढ्यात चिखलदऱ्यात गरम शॉवरची खोली मिळेल हे मला माहीत आहे, तरी मला हे पैसे कमीच वाटले अन् मी काकूंना तसं बोललोही. त्यांनी जास्त घेतले नाहीत, उलट निघताना पावशेर खवा पळसाच्या पानात बांधून दिला.

ओळखीच्या कोणाला जायचं असेल तर मला मेसेज करा, नंबर काकांना विचारूनच देईन. फोन संध्याकाळी सहा ते सात लावा, तेव्हा ते त्या दगडापाशी असतात. अन् मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून पाऊस बसेपर्यंत कृपा करून लावूच नका, नाही म्हणताना त्यांना फार जड जातं.