उतारावरच्या गाड्यांचा वेग: स्टॉपवॉच, मोबाइल, सेन्सर की जोडीची धाव?

मोटर नाही, बॅटरी नाही, फक्त उतारावरून सुटणारी लाकडी गाडी. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी असो वा घरच्या मुलांसाठी, ती बनवायला घेतली की आधी सगळं लक्ष आकारावर आणि रंगावर जातं. नंतर अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. नाक निमुळतं केलं, वजन मागे सरकवलं, घर्षण कमी व्हावं म्हणून आसाला ग्रॅफाइटची पूड लावली. पण यातल्या नेमक्या कशाने गाडी वेगवान झाली? नुसत्या डोळ्यांनी ते कळत नाही, मोजावंच लागतं. मोजण्याचे चार मार्ग गोव्यात कुणालाही जमण्यासारखे आहेत. माझं मत आधीच सांगते: घरी करणाऱ्यांनी घड्याळाच्या मागे न लागता दोन गाड्या शेजारी-शेजारी सोडाव्यात.

आकडे डोळ्यांसमोर राहावेत म्हणून एक ट्रॅक धरून चालू. आठ फुटी प्लायवुडच्या दोन पट्ट्या एकापुढे एक जोडल्या आणि वरचं टोक जमिनीपासून 1 मीटर उंच ठेवलं, तर घर्षण शून्य धरून खाली वेग येतो सेकंदाला सुमारे 4.4 मीटर. प्रत्यक्षात 4 मीटर धरा. म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात गाडी 4 सेंटिमीटर जाते. चारही मार्गांची परीक्षा या एका आकड्यावर होते, कारण बऱ्यापैकी बनवलेल्या दोन गाड्यांतला फरक अनेकदा एवढाच असतो.

स्टॉपवॉच इथेच बाद होतं. दिसल्यापासून बोट दाबेपर्यंत माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. तेवढ्यात गाडी 80 सेंटिमीटर पुढे गेलेली असते. सुरुवातीची आणि शेवटची चूक काही अंशी एकमेकींना खाते, तरी उरते ती आपल्याला हव्या असलेल्या फरकापेक्षा कितीतरी मोठी. लहान मुलांना सरासरी शिकवायला चांगलं साधन आहे, गाडी निवडायला नाही.

मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा बराच पुढचा. सेकंदाला 240 फ्रेम घेणारा फोन असेल तर दोन फ्रेममध्ये गाडी जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर सरकते. साध्या 30 फ्रेमच्या व्हिडिओत हेच अंतर 13 सेंटिमीटर होतं. फोन मात्र अंतिम रेषेच्या बरोबर काटकोनात, स्टँडवर घट्ट हवा. तिरका ठेवलात तर जवळची गाडी उगाच पुढे किंवा मागे असल्याचा भास होतो. उजेडही भरपूर लागतो. आपल्याकडचा 50 हर्ट्झचा वीजपुरवठा जुन्या ट्यूबलाइटला सेकंदाला 100 वेळा लुकलुकवतो आणि स्लो मोशनमध्ये ते सगळं चित्रात उतरतं, म्हणून दिवसाउजेडी सोप्यावर किंवा देवळाच्या सभामंडपात, सावलीत चित्रीकरण करावं. आरंभरेषा आणि अंतिम रेषा दोन्ही एका चौकटीत बसवायला गेलात तर फोन लांब न्यावा लागतो आणि गाडी मुंगीएवढी दिसते. त्यावर सोपा उपाय: वरच्या टोकाला गाडी अडवून धरणारं फाटक उघडताच पेटणारा छोटा एलईडी वायर ओढून अंतिम रेषेपाशी आणायचा.

सेन्सरचं आकर्षण मुलांना सर्वांत जास्त, आणि ते योग्यच आहे. आर्डुइनो उनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड, ट्रॅकखाली प्रकाश ओळखणारा फोटोडायोड, वर डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकणारा एलईडी. नाकाची सावली पडली की वेळ नोंदली जाते. उनोचं अंतर्गत घड्याळ 4 मायक्रोसेकंदांपर्यंत मोजतं. पण तीच गाडी, तोच ट्रॅक, तेच फाटक असूनही दोन धावांची वेळ तंतोतंत जुळत नाही. चाक कडेला घासतं, गाडी किंचित वाकडी सुटते. गाडीच मिलिसेकंदांनी बदलत असेल तर त्याखालचे आकडे काही सांगत नाहीत. शिवाय उन्हातही इन्फ्रारेड असतं, त्यामुळे उघड्यावर सेन्सर फसतो; सभागृह हवंच.

आता जोडीची धाव. दोन समांतर पट्ट्या, दोघींना एकच फाटक, आणि शेवटी फक्त पाहायचं की कोण किती सेंटिमीटर पुढे. घड्याळ लागत नाही, फोन लागतो तो फक्त अंतिम रेषेवरचं अंतर पाहायला. रेषेपाशी सेंटिमीटरच्या खुणा आखून ठेवल्यात तर 1 सेंटिमीटर म्हणजे 0.0025 सेकंद! एवढा बारकावा स्वस्तात दुसरीकडे मिळत नाही. पट्ट्या अगदी सारख्या कधीच नसतात, म्हणून प्रत्येक धाव गाड्यांची अदलाबदल करून पुन्हा घ्यायची. डाव्या पट्टीत गाडी 6 सेंटिमीटरने जिंकली आणि उजव्या पट्टीत 2 ने, तर खरा फरक 4 सेंटिमीटरचा. उरलेले 2 पट्टीचे.

गोव्यात या पद्धतीचं मोल आणखी वाढतं. जून ते सप्टेंबर प्लायवुड दमट हवेत फुगतं, पट्टी किंचित वाकते, आणि किनाऱ्यालगतच्या गावांत लोखंडी आस बघता बघता गंजतो. आजचे सेकंद चतुर्थीनंतरच्या सेकंदांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. मात्र एक गाडी जशीच्या तशी ठेवून ती मापाची गाडी मानली आणि प्रत्येक बदल तिच्याशीच लावून पाहिला, तर ट्रॅकची कुरबुर दोघींना सारखीच भोगावी लागते.

काय तपासावं, यावरही थोडं बोलायला हवं. अमेरिकेत 1953 साली कॅलिफोर्नियातल्या कब स्काउटांनी (लहान बालवीरांनी) सुरू केलेल्या पाइनवुड डर्बी या लाकडी गाड्यांच्या शर्यतीत वजनाची मर्यादा 5 औंस, म्हणजे सुमारे 142 ग्रॅम असते आणि बहुतेक जण काट्यावर तोलून तोलून तिथवर जातात. जड वस्तू जोरात पडते म्हणून नव्हे; चाकं फिरवण्यात आणि हवा कापण्यात जाणारा ऊर्जेचा वाटा जड गाडीत कमी ठरतो म्हणून. वजन मागच्या आसाजवळ ठेवलं तर उतारावर ते जास्त उंचीवरून सुटतं. गरीच्या, म्हणजे मासे धरायच्या गळांच्या, दुकानातलं शिसं यासाठी छान, पण मुलांच्या हातात देऊ नका आणि स्वतःचे हात धुवा. पेन्सिलचा भुगा ग्रॅफाइट म्हणून चालत नाही, त्यात चिकणमाती असते.

तर घरात एक-दोन मुलं असतील तर जोडीची धाव आणि हाताशी असलेला फोन पुरे. आठवी-नववीच्या वर्गाला ऊर्जेचं रूपांतर शिकवायचं असेल तर सेन्सर घ्या, कारण तिथे सेकंदांवरून वेग काढायचा असतो, शिवाय तो बांधताना मुलं बरंच शिकतात. आंतरशालेय स्पर्धा घेणाऱ्यांनी सेन्सर आणि पट्ट्यांची अदलाबदल दोन्ही ठेवावीत. नुसत्या आकड्यांवर निकाल दिलात तर वाकड्या पट्टीवर पडलेल्या मुलावर अन्याय होतो. मोठ्या बजेटच्या शाळेने आधी पैसे ट्रॅकवर घालावेत, ॲल्युमिनियमची पट्टी दमट हवेत फुगत नाही. आणि मापाच्या गाडीला स्पर्धा संपेपर्यंत सँडपेपर किंवा तेल लावू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवा, आणि चाचणीच्या दिवशीच बाहेर काढा.