फुटबॉलचे गणित: गोल मोजावेत, संधी मोजाव्यात की खेळाडूंच्या जागा?

फुटबॉलचा अभ्यास गणिताच्या साहाय्याने करू पाहणाऱ्याला सूत्रांच्या आधी नोंद कशाची घ्यायची हे ठरवावे लागते. केवळ सामन्यांच्या निकालांवर काम करता येते, गोलच्या दिशेने मारलेल्या प्रत्येक फटक्याचा दर्जा तपासता येतो, किंवा बावीसही खेळाडू क्षणाक्षणाला मैदानात कोठे होते याची मांडणी करता येते. या तिन्ही मार्गांना लागणारे कष्ट फार वेगवेगळे आहेत आणि त्यांतून मिळणारी उत्तरेही एका जातीची नाहीत.

निकालांचा मार्ग सर्वांत जुना व स्वस्त आहे. १९८२ मध्ये संशोधक माहर यांनी प्रत्येक संघाला आक्रमणाचा एक व बचावाचा एक असे अंक देऊन गोलसंख्या प्वासाँ वितरणाने, म्हणजे सरासरीवरून एखादी घटना किती वेळा घडेल याची शक्यता देणाऱ्या सूत्राने, मांडली. यजमान संघाचे सरासरी १.६ आणि पाहुण्यांचे १.१ गोल अपेक्षित असतील, तर या हिशेबाने यजमानांच्या विजयाची शक्यता ४९ टक्के, बरोबरीची २५ टक्के आणि पाहुण्यांच्या विजयाची २६ टक्के येते. मात्र ०-० आणि १-१ हे निकाल या गणितापेक्षा प्रत्यक्षात अधिक वेळा लागतात, म्हणून १९९७ मध्ये संख्याशास्त्रज्ञ डिक्सन आणि कोल्स यांनी कमी गोलांच्या निकालांसाठी दुरुस्ती सुचवली व अलीकडच्या सामन्यांना अधिक वजन दिले. एवढे सारे साध्या स्प्रेडशीटमध्ये बसते, आणि पुढील सामन्याचा अंदाज एवढाच हेतू असेल तर याहून अवघड काही हाती घेण्याची घाई करू नये. अडचण एवढीच की ३८ सामन्यांच्या हंगामात संघाचे गोल साधारण पन्नासच होतात, आणि बचावपटूच्या पायाला लागून जाळ्यात गेलेला चेंडूही त्यांत सुंदर चालीइतकाच मोजला जातो.

फटक्यांच्या मार्गाला, म्हणजे ‘अपेक्षित गोल’ किंवा एक्सजीला, सामग्रीची ही टंचाई तितकीशी जाणवत नाही, कारण गोल एक-दोन होतात त्या सामन्यात संघ दहा-बारा फटके मारतो. प्रत्येक फटक्याला गोल होण्याची शक्यता जोडली जाते आणि त्यात अंतर व कोन हे दोन घटक सर्वांत बोलके ठरतात. गोल ७.३२ मीटर रुंद असतो. गोलरेषेपासून ११ मीटर पुढे आणि गोलच्या मध्यापासून १५ मीटर बाजूला उभ्या असलेल्या खेळाडूला तो १४ अंशांहूनही कमी कोनात दिसतो, तर गोलच्या मध्यापासून तेवढ्याच, म्हणजे सुमारे १८.६ मीटर अंतरावर पण अगदी समोर उभ्या असलेल्याला सुमारे २२ अंश मिळतात. पेनल्टीचे मूल्य बहुधा ०.७५ ते ०.८० च्या दरम्यान धरले जाते. लॉजिस्टिक रिग्रेशन (हो किंवा नाही अशा निकालाची शक्यता काढण्याची संख्याशास्त्रीय पद्धत) समजणाऱ्याला असे मॉडेल स्वतः उभारता येते, आणि स्टॅट्सबॉम्ब या फुटबॉलच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीने २०१८ च्या विश्वचषकासह अनेक सामन्यांच्या नोंदी अभ्यासासाठी खुल्या केल्या आहेत.

येथे बेरजेपासून मात्र सावध राहावे. ०.७० ची एक संधी आणि ०.०७ चे दहा फटके यांची बेरीज सारखीच होते, पण निदान एक गोल होण्याची शक्यता पहिल्या बाबतीत ७० टक्के, तर दुसऱ्या बाबतीत जेमतेम ५२ टक्के असते. शिवाय गोलसमोरून आडवा गेलेला चेंडू आघाडीच्या खेळाडूच्या बोटभर पुढून निसटला, तर फटकाच न झाल्याने त्या चालीच्या खात्यावर शून्य पडते. केवळ फटके पाहणारे गणित या ठिकाणी आंधळे असते.

नोंदींतून घाईने निष्कर्ष काढण्याचा धोका तर फार जुना आहे. सामन्यांच्या आकडेवारीचे आद्य अभ्यासक चार्ल्स रीप यांनी १९५० मध्ये इंग्लंडमधील स्विंडनच्या मैदानावर हाताने नोंदी घेण्यास सुरुवात केली. पुढे त्यांना आढळले की सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून होतात, आणि त्यावरून त्यांनी लांब पासांच्या खेळाचा पुरस्कार केला. परंतु नव्वद टक्क्यांहून अधिक चाली मुळातच तेवढ्या आखूड होत्या, म्हणजे दर चालीमागे पाहिले तर लांबलेल्या चालीच अधिक फलदायी ठरत होत्या. मार्ग कोणताही निवडला तरी भागाकारातील छेद विसरणाऱ्याची अशीच फसगत होते.

तिसरा मार्ग वास्तवाच्या सर्वांत जवळचा आहे. सेकंदाला २५ वेळा घेतलेल्या नोंदींनी ९० मिनिटांत बावीस खेळाडू व चेंडू यांच्या मिळून सुमारे ३१ लाख जागा जमा होतात. चेंडूपासून दूर धावून सहकाऱ्यासाठी जागा मोकळी करणारा खेळाडू येथेच प्रथम गणितात दिसतो, आणि मैदानाचा कोणता भाग कोणत्या संघाच्या ताब्यात आहे हेही काढता येते. पण ही सामग्री बहुतांशी क्लब व कंपन्यांच्याच हाती असते. मेट्रिका स्पोर्ट्स या कंपनीने संघ व खेळाडूंची ओळख लपवून नमुन्यादाखल दिलेले मोजके सामने तंत्र शिकायला पुरतात, पण त्यांवरून संघांची तुलना करता येत नाही.

संघाला प्रशिक्षण देणाऱ्याने किंवा खेळ नीट समजून घेऊ इच्छिणाऱ्याने माझ्या मते दुसऱ्या मार्गावर सर्वाधिक वेळ द्यावा. त्याआधी निकालांचे मॉडेल एकदा स्वतःच्या हाताने जरूर बांधावे. हंगामाच्या पहिल्या दोन-तृतीयांश सामन्यांवर दोन्ही मॉडेल बसवून उरलेल्या सामन्यांचे अंदाज त्यांच्याकडून काढावेत, कारण गोलांवरच्या साध्या गणितालाही मागे टाकू न शकणाऱ्या एक्सजी मॉडेलमध्ये बहुधा कोठेतरी चूक राहिलेली असते, आणि ती शोधताना फटक्यांच्या नोंदी पुन्हा एकेक करून पाहाव्या लागतात.