बुश बदलल्याचे पैसे घेतले, बोल्टला पानासुद्धा लावला नाही

11,000 रुपये गेले. लोअर आर्मचे (पुढचं चाक गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणारा दांडा) चार पॉलियुरेथेन म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकचे बुश (सांध्यातले धक्का झेलणारे तुकडे) 6,400, मजुरी 2,800, कॅम्बर (चाकाचा उभा कल) 1,200, अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) 600. पुण्यातला गॅरेजवाला.

कोकणातून आल्यापासून माझी स्विफ्ट खड्ड्यात पुढून खडखडायची, स्टिअरिंग डावीकडे ओढायचं. "रबर गेलंय, पॉलीचे टाका, परत बघायला नको," म्हणाला. दुखणं बरोबर ओळखलं होतं, म्हणूनच विश्वास बसला. त्यात शुक्रवारची संध्याकाळ, सकाळी आईला घेऊन साताऱ्याला निघायचं होतं. माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं.

पाऊण तासात गाडी तयार! आर्म उतरवून, बुश प्रेसवर काढून, नवे बसवून, वर अलाइनमेंट, पाऊण तासात? आणि मी वाकून बघितलं होतं. बुश काळेभोर चकचकीत, पण आर्मच्या बोल्टवर कोकणातली लाल माती जशीच्या तशी वाळलेली. पाना लागला असता तर ती राहिली असती का? डोळ्यांनी बघितलं आणि तरी फोन काढून पैसे पाठवले. बुशला हात लावला तर बोट काळं झालं. "नव्या मालाला ग्रीस असतंच साहेब." पॉलीला ग्रीस लावतात हे मला माहीत होतं, म्हणून गप्प बसलो. ते टायर पॉलिश होतं.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या मेकॅनिकने रॅम्पवर घेऊन फडक्याने पुसलं. आत तेच जुनं, भेगाळलेलं रबर. आणि माझ्या गाडीला पुढे कॅम्बर बदलायची सोयच नाही, टाय रॉडवरून (स्टिअरिंगचा चाकाकडे जाणारा दांडा) फक्त टो, म्हणजे चाक आत-बाहेर किती वळलंय ते बदलतं. मग 1,200 कशाचे?

जुन्या बुशवर आधीच व्हाइटनरचा ठिपका मारा, काढलेले तेच परत मागा.

चौकीत तीन चकरा मारल्या. "हा दिवाणी मामला आहे." अर्जाची पोच मागितली तर साहेब आल्यावर. तिसऱ्या वेळी अर्जच सापडेना. वर मलाच विचारतात, पक्कं बिल कुठाय? पक्कं बिल देणारा असता तर मी चौकीत कशाला आलो असतो? पैसे त्याच्या खात्यात गेल्याची नोंद माझ्या फोनमध्ये आहे, ती बघायलाही कुणी तयार नाही. चोरी झालेल्यालाच उभं करून उलटतपासणी!

अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंट घ्या, वर आपलाच गाडी नंबर आहे ना बघा. रबरी बुश टाकले तर बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर हवं, लोंबकळत आवळले तर रबर पिळून लवकर फाटतं.

5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही. दुसऱ्या मेकॅनिकने बोल्ट खोलण्याआधी मी फोटो काढलेत, माती अजून होती. ते घेऊन सोमवारी जातोय.