‘इंडिजिनस कॅनडा’ : पुण्यातील शिक्षकांनी करून पाहावा असा ऑनलाइन अभ्यासक्रम

कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठाच्या नेटिव्ह स्टडीज (मूलनिवासी अभ्यास) विद्याशाखेने तयार केलेला ‘इंडिजिनस कॅनडा’ हा अभ्यासक्रम कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे. एकूण १२ पाठ, त्यांत छोटे व्हिडिओ, थोडे वाचन आणि बहुपर्यायी चाचण्या असे त्याचे स्वरूप आहे. पुण्यातील महापालिका शाळेत शिकवणाऱ्या माणसाने तिकडच्या मूलनिवासींच्या इतिहासासाठी वेळ का काढावा, असे सहकाऱ्यांनी मला विचारले आणि तो प्रश्न रास्तच आहे. आपल्या शाळांत जुन्नर-आंबेगावकडून आलेल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांतील मुले असतात, कुठे कातकरी तर कुठे फासेपारधी मुले असतात. पण त्यांच्याविषयीची आपली चर्चा गळती, जातीचा दाखला आणि शिष्यवृत्तीचा अर्ज यांपलीकडे सहसा जात नाही. मूल शाळेत का टिकले नाही, हे आपण नेहमीच विचारतो. शाळेने त्या मुलाचे काय केले, हा प्रश्न या अभ्यासक्रमात पहिल्यापासून धरून ठेवलेला आहे.

निवासी शाळांवरचा पाचवा पाठ मला सर्वांत कसदार वाटला. सरकार आणि चर्च यांनी मिळून चालवलेल्या या शाळांत दीड लाखाहून अधिक मुले घातली गेली. तिथे त्यांचे केस कापले जात, घरची भाषा बोलल्यास शिक्षा होई आणि सख्ख्या भावंडांनाही एकमेकांपासून दूर ठेवले जाई. १९२० मध्ये ‘इंडियन ॲक्ट’ या मूलनिवासींविषयीच्या कायद्यात दुरुस्ती करून सक्ती अधिक कडक करण्यात आली, आणि यांपैकी शेवटच्या शाळा बंद व्हायला १९९० चे दशक उजाडले. ११ जून २००८ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली, आणि या शाळांचा इतिहास तपासणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी मांडल्या. त्यांतील ६२ व्या शिफारशीत हा इतिहास बालवाडीपासून बारावीपर्यंत सक्तीने शिकवावा असे म्हटले आहे, आणि तो केवळ मूलनिवासी मुलांना नव्हे, तर सर्वांना शिकवायचा आहे.

इथे आश्रमशाळांशी सरसकट तुलना करण्याचा मोह मात्र आवरायला हवा. आपल्या आश्रमशाळा दुर्गम भागात शिक्षण पोहोचावे म्हणून निघाल्या आणि पालक मुलांना तिथे आपणहून पाठवतात. कॅनडात मुलाला घरापासून आणि समाजापासून तोडणे हाच धोरणाचा उघड हेतू होता. तरीही घरच्या भाषेचा धागा जुळतोच. प्राथमिक टप्प्यावर भाषिक अल्पसंख्याक समाजांतील मुलांना मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी द्याव्यात, असे राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०-क सांगतो. हा पाठ संपल्यावर मी एका शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही, चाळले. ‘मातृभाषा’ या रकान्यात वरच्या ओळीत ‘मराठी’ लिहिलेले होते आणि खाली पानभर नुसत्या दोन-दोन तिरक्या रेघा ओढलेल्या होत्या. त्याच पानावर जमातीच्या रकान्यात काही मुलांपुढे ‘फासेपारधी’ अशी नोंद होती, आणि त्यांची घरची बोली तर गुजरातीच्या अंगाने जाणारी! प्रवेशाच्या वेळी कोणी विचारलेच नसणार.

शिकवणारे प्राध्यापक स्वतः कॅनडातील क्री आणि मेटी या मूलनिवासी समाजांतील आहेत, ही या अभ्यासक्रमाची मोठी जमेची बाजू आहे. आपल्याकडच्या शिक्षक प्रशिक्षणांत आदिवासींविषयी बोलणारा बहुधा आदिवासी नसतो. पाठांना मेटी चित्रकार लेआ डोरियन यांच्या चित्रांची जोड आहे आणि ती नुसती शोभेपुरती ठेवलेली नाहीत. आपण मात्र शाळेच्या भिंतीवर वारली नाच रंगवला की आदिवासी संस्कृतीचे काम झाले असे समजतो. शहरातील मूलनिवासींवरचा दहावा पाठही पुण्यात लगेच ओळखीचा वाटतो, कारण शिक्षणासाठी शहरात येऊन वसतिगृहात राहणारी मुले आपल्याकडेही आहेत.

उणिवाही आहेत. करार आणि कायदे यांवरचे तिसरा आणि चौथा हे पाठ कॅनडाच्या इतिहासाची पूर्वओळख नसलेल्याला जड जातात. चाचण्या बऱ्याच अंशी स्मरणशक्ती तपासतात. अध्यापन इंग्रजीत आहे, त्यामुळे व्हिडिओखालची संहिता समोर ठेवूनच ऐकणे बरे. शिवाय हे शिक्षक प्रशिक्षण नव्हे, म्हणून सोमवारी वर्गात जाऊन नेमके काय करायचे ते इथे सापडणार नाही. त्यासाठी क्वीन्स गार्डनजवळच्या आदिवासी संग्रहालयाला मुलांसह भेट देणे आणि वर्गातील आदिवासी पालकांनाच बोलते करणे हे दोन मार्ग मला अधिक उपयोगाचे वाटतात.

व्हिडिओ पाहण्यासाठी पैसे लागत नाहीत; शुल्क आहे ते प्रमाणपत्राचे, आणि सेवापुस्तिकेत नोंद करायची नसेल तर त्यावर खर्च करण्याची गरज नाही. एकट्याने बाराही पाठ उरकण्यापेक्षा शाळेतील तीन-चार शिक्षकांनी मिळून आधी पाचवा, मग दहावा पाठ पाहावा आणि बाकीचे सुटीसाठी ठेवावेत. मुख्याध्यापकांनाही सोबत बसवता आले तर उत्तम, कारण रजिस्टर त्यांच्या कपाटात असते.