वायर घरमालकिणीची, डॉलर माझे

२००४ साली आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला एका जुन्या बैठ्या घरात भाड्याने राहायला गेलो. पुण्याला आईबाबांशी बोलायचं म्हणजे कॉलिंग कार्ड आणि घरचा फोन, म्हणून पहिल्याच आठवड्यात लाइन घेतली. कंपनीच्या बाईंनी फोनवर कॉलर आयडी, कॉल वेटिंग असं भराभर वाचून दाखवलं आणि त्याच ओघात म्हणाल्या, "घरातल्या वायरिंगचं कव्हरही लावून ठेवते, नाहीतर माणूस आला की तासाचे पैसे पडतात." कव्हर म्हणजे दर महिन्याला थोडे पैसे भरायचे आणि घरातली वायर बिघडली तर कंपनीने दुरुस्त करायची. मी "बरं" म्हटलं. ते न घेताही चालतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही. पुण्यात फोन बंद पडला की लाइनमन यायचा, रोझेट उघडून बघायचा, चहा पिऊन जायचा. घरातली वायर वेगळी आणि बाहेरची वेगळी, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

बिलात 'इनसाइड वायर मेंटेनन्स' अशी ओळ यायची. सुरुवातीला महिना ४ डॉलर, मग ५, शेवटी ७. कर आणि अधिभारांच्या गर्दीत मला तोही एखादा करच वाटायचा.

पाच वर्षांनी फोनमध्ये खरखर सुरू झाली. म्हटलं, चला, भरलेल्या पैशांचा उपयोग होईल. माणूस आला, त्याने सगळे फोन काढून एकेक लावून पाहिले. दोष निघाला कॉर्डलेसच्या बेसमध्ये. "यंत्र कव्हरमध्ये येत नाही," म्हणाला आणि गेला. तेव्हाच शहाणं व्हायचं, पण नाही झाले.

२०११ मध्ये स्वयंपाकघरातला जॅक, म्हणजे फोनची वायर खुपसायची भिंतीवरची खाच, मेला. त्या दिवशी घरमालकीण गळका नळ बघायला आली होती. मी सहज म्हटलं, आता फोन कंपनीला बोलवते, कव्हर आहे माझं. सत्तरीतली ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. "घर माझं, वायर माझी. तू कशाला पैसे भरतेस?"

कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेतलं कलम १९४१.४ तिने मला दाखवलं. राहायला भाड्याने दिलेल्या घरात निदान एक चालू जॅक देणं आणि आतली टेलिफोनची वायर नीट ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी. म्हणजे सात वर्षं मी तिच्या वायरचा विमा भरत होते! तिने तिचा नेहमीचा कामाचा माणूस पाठवला. घराखालच्या पोकळीत उंदरांनी लाल तार कुरतडली होती. त्या जुन्या केबलमध्ये चार तारा असतात. लाल-हिरवी जोडी वापरात, काळी-पिवळी दुसऱ्या लाइनसाठी राखीव. त्याने जोडी बदलली. वीस मिनिटं.

कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं, "तुमची तोंडी संमती आहे." बरीच हुज्जत घातल्यावर तीन महिन्यांचे पैसे परत आले. बाकी साडेचारशे डॉलरांच्या आसपास गेलेच.

ही भानगड मुळात आली कुठून? पूर्वी अमेरिकेत घरातल्या वायरसकट सगळं फोन कंपनीच बघायची. १ जानेवारी १९८७ पासून आतल्या वायरिंगचं काम सरकारी नियंत्रणाखालच्या दरांतून बाहेर काढलं गेलं. बाहेरच्या भिंतीवरच्या करड्या डबीपर्यंत कंपनीचं, तिथून आत तुमचं. त्या 'आत'ची भीती दाखवून कव्हर विकतात.

भीती घालवायला एक पेचकस पुरतो. घराबाहेर, बहुधा विजेच्या मीटरजवळ, ती डबी असते. ग्राहकाच्या बाजूचं झाकण उघडा, आतला छोटा प्लग काढा आणि त्या भोकात साधा, वायरवाला फोन लावा. (कॉर्डलेस नको, त्याचाच दोष असला तर गोंधळ होतो.) तिथे डायल टोन स्वच्छ असेल तर बिघाड घरात. तिथेही नसेल तर तो कंपनीचा, आणि कव्हर असो नसो, दुरुस्ती त्यांनीच करायची. भाडेकरूंनी आधी आपल्या राज्याचा कायदा आणि भाडेकरार बघावा. स्वतःचं घर असेल, वायर फार जुनी असेल, जॅक चार-पाच असतील, तर हिशेब करायला हरकत नाही. मी तरी एकदाच कामाचा माणूस बोलवीन.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत स्वतःच्या घरात राहते. मागच्या आठवड्यात तिने बिलाचा फोटो पाठवला, तीच ओळ होती. तिला म्हटलं, रद्द करायच्या आधी बाहेर जाऊन डबी शोध आणि फोन लावून बघ. अर्ध्या तासाने तिने दुसरा फोटो पाठवला, "हीच ना गं?" तो गॅसचा मीटर होता.