दिवसभराची रिक्षा आणि रत्नागिरी

गेल्या डिसेंबरात सासूबाईंना घेऊन रत्नागिरीला गेले. वय ७६, दोन्ही गुडघे दुखरे, आणि सगळा जन्म बार्शीत गेल्यामुळे समुद्र त्यांनी पाहिलाच नव्हता. मी स्वतः पूर्वी एकदा एका टुरिस्ट कंपनीच्या बसने रत्नागिरी 'केली' होती. थिबा पॅलेसला वीस मिनिटं, किल्ल्यावर अर्धा तास, आणि मग गणपतीपुळ्याला पळापळ. तेव्हापासून मनात रुखरुख होती. म्हणून या खेपेला बस नाही, टॅक्सी नाही. मारुती मंदिरापाशी उभ्या असलेल्या एका रिक्षावाल्या काकांना विचारलं आणि नऊ ते सात अशी दिवसभराची रिक्षा १५०० रुपयांत ठरवली. शहर पाहायला जाणाऱ्यांनी, विशेषतः घरातलं म्हातारं माणूस बरोबर असेल तर, हेच करावं.

काकांनी सीटमागून एक लाकडी पाट काढला आणि खाली ठेवला. "आजी, आधी यावर पाय ठेवा, मग आत. घाई नाय आपल्याला." दिवसभरात आम्ही दहा-बारा वेळा तरी चढलो-उतरलो असू. प्रत्येक वेळी तो पाट खाली आला आणि त्यांनी सासूबाईंच्या कोपराला हात दिला. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देईन.

आधी थिबा पॅलेस. टेकडीवरचा तीन मजली वाडा, उतरती छपरं, कोरीव लाकडाच्या अर्धगोल खिडक्या. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडाले घेतलं, त्याला गादीवरून उतरवलं आणि आधी मद्रासला, मग १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. हा वाडा तयार झाला १९१० मध्ये. म्हणजे इथे येऊन चोवीस वर्षं झाल्यावर. त्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला आणि १९१६ मध्ये वारला. सासूबाई खिडकीशी उभ्या राहिल्या. त्यांना इतिहासातलं फारसं ठाऊक नव्हतं, मी सांगितलं तेवढंच. बराच वेळ त्या त्या लाकडी चौकटीवरून हात फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "राजाला राजासारखं घर दिलं, पण दार बाहेरून लावून." राणी सुपायालात नवरा गेल्यावर १९१९ मध्ये मायदेशी परतली. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली, आणि तिची मुलगी टुटू जन्मभर इथेच मराठी बोलत राहिली. हे ऐकून सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

तिथून टिळक आळी. रिक्षाने जेमतेम दहा मिनिटं. २३ जुलै १८५६ ला लोकमान्यांचा जन्म या घरात झाला. वडील शाळेत शिकवायचे, आणि मुलगा दहा वर्षांचा असताना कुटुंब पुण्याला गेलं. कौलारू घर, गार जमीन, आत गेल्या गेल्या आवाज आपोआप खाली येतो. ओसरीवर बसले आणि एकदम लक्षात आलं, तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. टिळकांना १९०८ मध्ये शिक्षा झाली आणि इंग्रजांनी त्यांना नेलं कुठे, तर मंडालेला. १९१४ पर्यंत ते तिथे होते. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत अडकलेला आणि रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेच्या तुरुंगात, एकाच वेळी! दोन्ही घरं एकाच सकाळी पाहिली म्हणून हे कळलं. बसच्या फेरीत यातलं एकही धड पाहू दिलं नव्हतं.

अडकवून ठेवलेल्या माणसाची तीच गोष्ट पुढे पतितपावन मंदिरात. सावरकरांना १९२४ ते १९३७ रत्नागिरी जिल्हा सोडायची बंदी होती. त्या काळात भागोजीशेठ कीरांनी पैसा उभा केला आणि १९३१ मध्ये हे लक्ष्मी-नारायणाचं देऊळ सगळ्या जातींसाठी उघडलं. सासूबाईंनी पायरीला हात लावून नमस्कार केला. दुपारची वेळ, गर्दी नाही, पंखा फिरतोय. आम्ही तिथे नुसत्या बसून राहिलो.

जेवण काकांनीच दाखवलेल्या एका खानावळीत. मी सुरमईचं ताट घेतलं. रव्यात तळलेला तुकडा कुरकुरीत, आतून मऊ. सोलकढी ताज्या नारळाची, कढीत आमसुलाची आंबट धार नेमकी. सासूबाई शाकाहारी. त्यांना तांदळाची भाकरी, वालाची उसळ आणि सकाळी सांगून ठेवलेले उकडीचे मोदक. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली बाई तांदळाच्या भाकरीकडे आधी संशयाने बघत होती, मग दुसरी मागितली.

मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे, लहान मुलं असतील तर जा; आम्ही लवकर आटपलं. खटकलेली गोष्ट एकच. काका न विचारता आम्हाला आंबापोळी-फणसपोळीच्या एका दुकानात घेऊन गेले. माल वाईट नव्हता, पण बाजारात तीच फणसपोळी स्वस्त मिळाली. त्यात अर्धा तास गेला, आणि तो मला रत्नदुर्गावर हवा होता. ठरवतानाच 'दुकानं नकोत' असं सांगा.

रत्नदुर्ग घोड्याच्या नालेसारखा, तिन्ही बाजूंनी समुद्र. भगवतीचं देऊळ बालेकिल्ल्यात. रिक्षा बरीच वर जाते, पण पुढे पायऱ्या आहेत. सासूबाईंना मी खाली थांबा म्हटलं, त्या ऐकेनात. दर पाच-सात पायऱ्यांवर थांबत, माझ्या खांद्यावर भार टाकत गेल्या. तटावरून खाली मिरकरवाडा बंदर दिसतं. होड्या दाटीवाटीने लागलेल्या, लाल-निळे झेंडे, आणि वाऱ्याबरोबर वर येणारा मासळीचा वास. देवीपुढे त्यांनी ओटी भरली. बार्शीहून आणलेले तांदूळ, खण आणि नारळ. नारळ कोकणात घेऊन यायची काय गरज, असं मी घरी म्हटलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "आपल्या घरचा नारळ आपण न्यायचा."

सूर्यास्ताला थिबा पॉइंटवर जावं की मांडवीला, असं काकांनी विचारलं. पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि पूल उंचावरून दिसतो, फार सुंदर दिसतो, सकाळी पाहिला होता. पण सासूबाईंना समुद्र पायाखाली हवा होता. मांडवीला वाळू काळसर आहे. किल्ल्याच्या पलीकडच्या पांढऱ्या समुद्रावर पांढरी. काकांनी पाट रिक्षातून उचलून थेट पुळणीवर आणला आणि पाण्यापासून चार हातांवर ठेवला. सासूबाई त्यावर बसल्या. पहिली लाट आली तेव्हा त्यांनी पाय आखडले, दुसरीला नाही. ओंजळभर काळी वाळू घेतली, चोळून पाहिली, आणि म्हणाल्या, "आपल्या रानातल्या मातीसारखीच की गं. फक्त खारट."

सात वाजून गेले होते. काकांनी जास्तीचे पैसे मागितले नाहीत. मी शंभर रुपये वर दिले, तर त्यांनी ते सासूबाईंच्या हातात ठेवले आणि म्हणाले, "आजी, परत येताना भाड्याला ठेवा."